घराचे छप्पर आणि उन्हाळ्याचे बिल

भिलाईच्या पोलाद कारखान्यात उष्णता ही विकत घेतलेली वस्तू समजली जाते. झोतभट्टीत फुंकावयाची हवा अगोदर हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून घ्यावी लागते आणि त्यासाठी जळणारा वायू फुकट मिळत नाही. म्हणून हवा तापविणाऱ्या उंच मनोऱ्यांच्या पोलादी कवचाच्या आत विटांचे दोन प्रकारचे थर रचलेले असतात. आतला थर प्रखर तपमान सोसणाऱ्या विटांचा असतो व त्यामागचा थर हलक्या, सच्छिद्र विटांचा असतो. या दुसऱ्या थराचे काम एवढेच की, आतील उष्णता बाहेर निसटू द्यावयाची नाही. कारखान्याच्या फाटकाबाहेर, त्याच शहरातील घरांत, प्रश्न नेमका उलटा आहे. तेथे बाहेरची उष्णता आत शिरते आणि तिला हाकलण्यासाठी प्रत्येक कुटुंबाला विजेचे पैसे मोजावे लागतात. भट्टीला जो थर दिला जातो तो घराच्या छपराला मात्र बहुधा दिलेला नसतो.

इंग्लंड, अमेरिका, न्यूझीलंड इत्यादी थंड हवामानाच्या देशांत घरांच्या उष्णतारोधनासाठी शासन अनुदान देते. हिवाळ्यात घर तापविण्याचा खर्च कमी व्हावा, हा त्याचा उद्देश. भिलाईत घर तापविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री थंड असतात, पण त्या एका रजईने निभावतात. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत मात्र दुपारचे तपमान ४२ ते ४५ अंशांपर्यंत जाते. बांधकामासाठी केलेल्या हवामानाच्या वर्गीकरणात नागपूरपासून रायपूरपर्यंतचा हा पट्टा ‘संमिश्र’ हवामानाचा मानला जातो. प्रथम कोरडा व कडक उन्हाळा, मागून दमट पावसाळा आणि शेवटी सौम्य हिवाळा, असा त्याचा क्रम आहे. शास्त्राच्या दृष्टीने मात्र थंड देशातील घर आणि भिलाईचे घर यांत भेद नाही. उष्णता जास्त तपमानाकडून कमी तपमानाकडे जाते; मार्गात रोधक पदार्थाचा थर असेल तर ती सावकाश जाते. थर तोच, उष्णतेची दिशा मात्र उलटी.

मातीचे घर आणि काँक्रीटचे घर

फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. पुढे २००० साली तो छत्तीसगढ राज्यात आला. तथापि मुंबई-हावडा लोहमार्गावरील नागपूर ते दुर्ग हा प्रवास अवघ्या काही तासांचा, आणि या पट्ट्यात मराठी कुटुंबे जुन्या काळापासून वसलेली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले तेव्हा कारखान्याभोवती सेक्टरांची नवी वसाहत उभी राहत होती.

त्या वसाहतीपूर्वी या भागात जी घरे होती ती मातीची. भिंती हातभर रुंद आणि वर बांबू व लाकडाच्या सांगाड्यावर कवेलू. पश्चिम महाराष्ट्रात ज्यास कौल म्हणतात तेच हे. हाताने घडविलेल्या अर्धगोल कवेलूंचे थर एकमेकांवर रचले की त्यांच्यामध्ये हवेचे असंख्य लहान कप्पे राहतात. तापलेली हवा फटींतून वर निघून जाते व छप्पर जणू श्वास घेते. अनेक घरांत कवेलूंच्या खाली मातीने लिंपलेला माळा असे. त्यामुळे कवेलू कितीही तापले तरी माणसाच्या डोक्यावर तापलेला पृष्ठभाग येत नसे. सोलापूर-मराठवाड्याकडील धाब्याच्या घरांत हेच काम पांढऱ्या मातीच्या जाड थराने होई. या घरांची अडचणही विसरता येत नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे लागे, वानरे कवेलू फोडीत, वाळवी लाकूड खाई. हा जाच ज्यांनी सोसला त्यांना सिमेंटचे सपाट छत म्हणजे सुटका वाटली, यात नवल नाही.

पण ही सुटका करून घेताना एक गोष्ट हातची गेली. सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा लोखंडी सळ्या घातलेला काँक्रीटचा स्लॅब पावसाला अडवितो, वजन पेलतो, पण उष्णतेला फारसा अडवीत नाही. काँक्रीट हा उष्णतेचा बऱ्यापैकी वाहक आहे. शिवाय सपाट छतावर मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ लंबरूप तळपतो. भिलाईचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर. मेच्या अखेरीस दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. भिंतींना अशा वेळी फारच तिरपे ऊन मिळते. म्हणून एक मजली घरात, अथवा इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, उन्हाळ्याचा मुख्य शत्रू भिंत नसून छत होय.

स्लॅब तापण्यास काही तास लागतात. वरचा पृष्ठभाग दुपारी एक-दोनच्या सुमारास सर्वांत तप्त होतो. ती उष्णता खालच्या पृष्ठभागाशी पोहोचते तोवर सायंकाळ होऊ लागते. मग बाहेरची हवा निवू लागली तरी छत खोलीत उष्णतेचे प्रारण करीत राहते. रात्री दहा वाजता खोलीत झोपलेल्या माणसास वरून झळ लागते ती याच कारणाने. अशा वेळी पंखा चालविल्यास छताजवळची तापलेली हवाच खाली येते. अंगण-गच्चीवर झोपण्याची जुनी चाल ही केवळ हौस नव्हती.

पत्र्याच्या घराची गोष्ट आणखी वेगळी आहे. लोखंडी अथवा सिमेंटच्या पत्र्यात साठवणही नाही व रोधही नाही. ऊन पडताच तो तापतो व सावली येताच निवतो. रात्री ते घर काँक्रीटच्या घराहून लवकर थंड होते, पण दुपारी त्यात बसवत नाही.

किती जाड थर पुरे?

उष्णतेचा मार्ग मोजण्याची एक सोपी पद्धत अभियंते वापरतात. छताच्या एक चौरस मीटर भागातून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असता, दर सेकंदास किती उष्णता जाते, तो आकडा म्हणजे त्या छताचा पारगमनांक. तो वॅटमध्ये सांगतात. आकडा जितका लहान तितके छत चांगले. खाली गिलावा केलेल्या १० सेंटिमीटर स्लॅबचा पारगमनांक सुमारे ३.५ येतो.

आता २५ चौरस मीटरचे घर घ्यावे. हा आकडा मनाने घेतलेला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात स्वयंपाकघरासह घराचे किमान क्षेत्र इतकेच ठरविलेले आहे. बाहेर ४२ अंशांची हवा आणि वर मध्यान्हीचे ऊन यांचा मळक्या काँक्रीटवरील एकत्रित परिणाम ६० अंशांच्या हवेइतका धरावा. खोली ३० अंशांवर ठेवावयाची आहे. फरक ३० अंशांचा. तीस, पंचवीस आणि साडेतीन यांचा गुणाकार केला असता २,६०० वॅटहून थोडे अधिक उत्तर येते. याचा अर्थ असा की, भर दुपारी त्या घराच्या छतातून अडीच किलोवॅटहून अधिक उष्णता आत येऊ पाहते. पाऊण टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र निव्वळ तिला बाहेर काढण्यातच खर्ची पडेल. खिडक्या, भिंती, चूल व माणसे यांची उष्णता वेगळीच. स्लॅबमध्ये उष्णता साठत असल्याने हा भार प्रत्यक्षात थोडा उशिरा व थोडा पसरून येतो. पण त्याचे मान ध्यानात यावयास हा हिशेब पुरेसा आहे.

या छतावर निरनिराळे थर दिल्यास काय होते? महाराष्ट्रात व विदर्भात गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करण्याची रीत आहे. तो मुख्यतः गळती थांबविण्यासाठी असतो. १० सेंटिमीटर कोब्याने पारगमनांक साडेतीनवरून सुमारे २.४ वर येतो. उत्तर भारतात भुसा मिसळलेल्या मातीचा तितक्याच जाडीचा थर देऊन वर विटांची फरशी बसवितात. त्याने तो १.९ पर्यंत उतरतो. मात्र माती जड असते. १० सेंटिमीटरच्या थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १६० किलो भरते आणि जुन्या स्लॅबवर ते लादण्यापूर्वी अभियंत्यास विचारणे अवश्य आहे. याउलट फुगविलेल्या पॉलिस्टायरीनचा ५ सेंटिमीटर जाडीचा थर वजनाने नगण्य असतो, परंतु पारगमनांक ०.६ च्या खाली आणतो. वरच्याच हिशेबाने पाहता २,६०० वॅटच्या जागी साडेचारशे वॅटदेखील आत येणार नाहीत.

या किमयेमागे पॉलिस्टायरीन नसून हवा आहे. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक होय. मात्र मोकळ्या हवेत अभिसरण होते, ती फिरते व उष्णता वाहून नेते. तिला लहान लहान कोषांत कोंडले की तिचे फिरणे थांबते व तिचा मूळ गुण उपयोगी पडतो. लोकरीच्या घोंगडीत, कापसाच्या गादीत, भुशात, बुचात आणि फेसाळ प्लॅस्टिकमध्ये हेच घडते. म्हणूनच रोधक थरात पाणी शिरले तर तो निकामी होतो. पाण्याची वाहकता स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक आहे. छत गळत असेल तर प्रथम गळती बंद करावी, नंतर रोधक घालावा.

भिलाईच्या दृष्टीने एक पदार्थ विशेष उल्लेखनीय आहे. झोतभट्टीतून लोखंडाबरोबर मळी बाहेर पडते. कारखान्याच्या बोलीत तिला स्लॅग म्हणतात. पाण्याच्या झोताने तिचे दाणे करून ते सिमेंटमध्ये घालतात व त्यासाठीच भिलाईला लागून असलेल्या जामुल येथे सिमेंटचा कारखाना आला. परंतु वितळलेल्या मळीवर वाफेचा अथवा हवेचा जोरदार झोत सोडल्यास तिचे बारीक तंतू बनतात. हीच मळीची लोकर. जर्मनीत गेओर्गस्मारियनह्युटे येथे १८७१ च्या सुमारास तिचे उत्पादन सुरू झाले. ती पेटत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. फेसाळ प्लॅस्टिक पेटू शकते, म्हणून ते घराच्या आतल्या बाजूस उघडे ठेवणे धोक्याचे आहे. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला २०१७ मध्ये आग लागून ७२ माणसे मृत्युमुखी पडली. त्या इमारतीला नूतनीकरणात बाहेरून बसविलेले आवरण व रोधक थर ज्वलनशील होते.

जाडी किती असावी, याला शासनाने एक उत्तर दिलेले आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तिच्यात छताचा पारगमनांक १.२ हून अधिक नसावा असे म्हटले आहे. साध्या स्लॅबला या मर्यादेत आणण्यास किती रोधक लागेल? हिशेब केल्यास चांगल्या प्रतीच्या फेसाळ थराचे अवघे २ सेंटिमीटर पुरतात. पहिले २ सेंटिमीटर जेवढे काम करतात तेवढे पुढचे १० देखील करीत नाहीत. ज्यांच्याजवळ थोडेच पैसे आहेत त्यांच्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

त्याहून स्वस्त उपाय चुन्याचा. तो रोधक नव्हे. तो ऊन परतवितो. पांढरी सफेदी केलेले छत उन्हाचा बराच मोठा भाग आकाशात परत फेकते, आणि मघाचे ६० अंश ५० च्या आसपास येतात. म्हणजे आत येऊ पाहणारी उष्णता एका फटक्यात तिसऱ्या हिश्श्याने घटते. उणीव एवढीच की, पावसाने चुना धुपतो आणि औद्योगिक शहराच्या धुळीने तो काळवंडतो. दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा हात द्यावा लागतो. चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी गच्चीवर केल्यास हेच काम अधिक काळ टिकते. पत्र्याच्या घरांत खालून बांबूच्या तट्ट्यांचे छत करून वरून पत्र्याला पांढरा रंग देणे हा सर्वांत सुलभ मार्ग होय.

परदेशांतील अनुदाने

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन महागले तेव्हा थंड देशांच्या शासनांना एक हिशेब उमगला. गरिबाला दरवर्षी कोळशासाठी पैसे देण्यापेक्षा त्याच्या माळ्यावर एकदाच रोधक अंथरून देणे स्वस्त पडते. अमेरिकेने १९७६ मध्ये अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची घरे हवाबंद व रोधयुक्त करून देण्याची योजना आरंभिली. ती दीर्घकाळ टिकली. ब्रिटनने १९७८ मध्ये त्यासाठी कायदा करून माळ्याच्या रोधनास अनुदान देऊ केले. न्यूझीलंडमध्ये २००९ मध्ये तशीच मोठी योजना निघाली.

याच वर्षी ऑस्ट्रेलियात जे घडले ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. आर्थिक मंदीत लोकांना काम मिळावे म्हणून तेथील केंद्र शासनाने घरमालकांना छतातील रोधनासाठी अनुदान जाहीर केले. एका घरास प्रारंभी १,६०० डॉलरपर्यंत रक्कम मिळे. काही महिन्यांत दहा लाखांहून अधिक घरांचे काम झाले. परंतु हे काम करण्यास नवे ठेकेदार रातोरात उभे राहिले आणि त्यांनी पुरेसे शिक्षण न देता तरुण पोरांना माळ्यांवर चढविले. धातूचा वर्ख असलेला रोधक ठोकताना खिळे विजेच्या तारांत शिरले. तीन कामगार विजेच्या धक्क्याने मेले. चौथा माळ्यावरील उष्णतेने दगावला. काही घरांना आगी लागल्या, कारण छतातील दिव्यांवर रोधक पसरलेला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद करावी लागली व पुढे चौकशीसाठी शाही आयोग बसला. त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. रोधक पदार्थात दोष नव्हता. पैसा आधी पोहोचला. शिक्षण व तपासणी मागून यावयाची होती, ती आलीच नाही.

ब्रिटनलाही अलीकडे असाच अनुभव आला. भिंतींना बाहेरून रोधक बसविण्याच्या तेथील योजनांत निकृष्ट काम होऊन घरांत ओल व बुरशी धरल्याचे २०२५ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने उघडकीस आणले. तेथील अनुदानाच्या अनुभवात आणखी एक बारकावा आहे. रोधन केल्यावर जितकी बचत हिशेबाने यावयास हवी तितकी गरिबांच्या बिलात येत नाही. कारण जो पूर्वी एकच खोली तापवून कुडकुडत असे, तो आता बेताच्या खर्चात दोन खोल्या ऊबदार ठेवतो. खर्च तेवढाच राहतो, जगणे सुधारते. हिशेबनीस यास तोटा म्हणतील. वैद्य म्हणणार नाहीत.

बिलाला मदत की छपराला?

भारतात घराशी व विजेशी निगडित अशी शासकीय मदत पुष्कळ आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागातून २०१६ पासून सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये मिळत आले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या शहरी विभागात स्वतःचे घर बांधणाऱ्यास केंद्राकडून दीड लाख रुपयांचे साहाय्य होते. छत्तीसगढ शासनाने २०१९ पासून घरगुती ग्राहकांना ४०० युनिटपर्यंतच्या वापरावर निम्म्या बिलाची सवलत दिली. २०२५ मध्ये तिची मर्यादा खाली आणण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्य घर’ योजना सुरू झाली आणि छतावर सौर पट्ट्या बसविणाऱ्यास दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार, तर तीन किलोवॅट वा त्याहून अधिक क्षमतेस एकूण ७८ हजार रुपये अनुदान ठरले.

घर बांधावयास मदत, वीज वापरावयास मदत, वीज निर्माण करावयास मदत, अशा तिन्ही बाजू येथे आल्या. उष्णता आत येऊच नये यासाठी घरमालकास थेट पैसा देणारी स्वतंत्र अखिल भारतीय योजना मात्र त्यांत नाही. सौर पट्ट्यांची सावली छतावर पडते हा लाभ खरा, पण तो आनुषंगिक.

यातून एक विसंगती उत्पन्न होते. शासनाच्या पैशाने २५ चौरस मीटरचे पक्के घर उभे राहते. त्याचे छत साडेतीन पारगमनांकाचे असते. घरातील माणसे पहिल्या उन्हाळ्यात पंखा घेतात, दुसऱ्या उन्हाळ्यात कूलर; साधले तर पुढे वातानुकूलन यंत्र. मग त्या विजेच्या बिलावर शासन सवलत देते. एकाच घरासाठी तिजोरीतून दोनदा पैसा जातो, आणि दुसऱ्यांदा जातो तो दरवर्षी जातो. छताच्या रोधनाने काय वाचले असते, याचा ढोबळ अंदाज करता येतो. साडेतीनऐवजी १.२ पारगमनांकाचे छत असेल तर मघाच्या घरात भर उन्हात सुमारे १,७०० वॅट उष्णता कमी येते. चांगले यंत्र ती बाहेर काढण्यास तासाला अर्धे युनिट वीज घेते. दिवसाचे सहा तास व उन्हाळ्याचे नव्वद दिवस धरले तर २७० युनिटे होतात. ऊन रोज इतके प्रखर नसते, म्हणून यातून काही वजा करावे लागेल. तरीही जे उरते ते एका लहान कुटुंबाच्या बिलात ठळकपणे दिसेल एवढे आहे.

केवळ बिलाकडे पाहून मात्र हा प्रश्न सुटत नाही. ज्या घरात वातानुकूलन यंत्र नाही, कूलरही नाही, त्या घराचे बिल रोधनाने एका पैशानेही कमी होणार नाही. आणि छताची झळ सर्वांत अधिक लागते ती त्याच घराला. बाळंतीण, तान्हे मूल, दम्याचा रुग्ण, रात्रपाळी करून दिवसा झोपू पाहणारा कामगार यांना दुपारी पत्र्याखाली पडून राहावे लागते. ‘किती युनिटे वाचली’ या मापाने अनुदान वाटले तर ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनाच ते मिळेल. ‘खोलीचे तपमान किती अंशांनी उतरले’ हे माप लावले तर क्रम उलटा होईल. योजना आखताना माप कोणते निवडले जाते यावर तिचा लाभ कोणाला मिळणार हे आधीच ठरून जाते.

कूलरबद्दलही येथे एक खुलासा हवा. वाळ्याच्या अथवा लाकडी भुशाच्या ताट्यांवरून हवा खेचून पाण्याच्या बाष्पीभवनाने ती थंड करणारे हे यंत्र एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उत्तम चालते व वीजही थोडी खाते. परंतु जूनच्या उत्तरार्धात हवेत दमटपणा आला की पाणी सावकाश उडते, कूलर थंडावा देईनासा होतो आणि खोली केवळ ओलसर होते. छताचे रोधन मात्र कोरड्या-दमट हवेत भेद करीत नाही.

इको निवास संहिता २०१८ मध्ये आली तेव्हा ती ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी होती. म्हणजे आवास योजनेचे घर तिच्या कक्षेबाहेर राहिले. तेलंगण राज्याने एप्रिल २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण जाहीर करून शासकीय व व्यापारी इमारतींना ती सक्तीची केली; घरांच्या बाबतीत सक्ती ६०० चौरस यार्ड व त्यावरील भूखंडांपुरतीच. लहान घराला सक्ती नको हे समजण्यासारखे आहे, कारण सक्तीचा खर्च त्याला झेपणार नाही. पण ज्याला सक्ती झेपत नाही त्यालाच साहाय्य द्यावयाचे असते. अहमदाबादेने २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील सुमारे ३,००० छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले, ते याच दृष्टीने अधिक शहाणपणाचे म्हणावे लागेल.

काम कोणी तपासावयाचे?

समजा, असे साहाय्य मिळू लागले, तर ऑस्ट्रेलियाची चूक टाळण्यास काय हवे? रुडकी येथे १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय भवन संशोधन संस्था भारतीय छपरांच्या उष्णतेचा अभ्यास दीर्घकाळ करीत आलेली आहे, आणि भारतीय मानक संस्थेने घरांच्या उष्णतारोधनाची मार्गदर्शिका १९७८ मध्येच काढली. शास्त्र उपलब्ध आहे. उणीव आहे ती गवंड्यापर्यंत ते पोहोचण्याची. रोधक थर स्लॅबच्या वर द्यावा की खाली, याविषयी गवंडी व घरमालक दोघेही साशंक असतात. शक्य तेथे तो वर द्यावा. मग स्लॅबच उन्हापासून वाचतो, त्याचे प्रसरण-आकुंचन घटते व भेगा कमी पडतात. त्यावर पाण्याचा उतार साधून कोबा अथवा फरशी बसवावी. कड्यांशी व पाइपांच्या भोवती थर तुटक राहिल्यास तेथून पाणी शिरते. तपासणाऱ्याने प्रथम पाहावे ते तेथे. मोजमापासाठी महागडे उपकरण लागत नाही. सायंकाळी पाच वाजता छताच्या खालच्या पृष्ठभागाचे तपमान साध्या तपमापकाने घ्यावे व काम केल्यानंतर तशाच उन्हाच्या दिवशी पुन्हा घ्यावे. शाळेतील नववीचा विद्यार्थीही हे करू शकेल.

रोधयुक्त घर बंद ठेवून चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. रोधक थर जशी बाहेरची उष्णता अडवितो तशीच आतलीही अडवितो. स्वयंपाकाची व माणसांची उष्णता रात्री बाहेर जावी म्हणून सूर्यास्तानंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी त्या मिटून पडदे ओढावेत. कवेलूच्या घरात छप्पर हे काम आपोआप करी. स्लॅबच्या घरात ते माणसाला करावे लागते.

एक अडचण अशी आहे की ती पैशाने सहज सुटत नाही. छप्पर घरमालकाचे असते आणि बिल राहणाऱ्याचे. भिलाईसारख्या शहरात कारखान्याच्या निवासस्थानांत राहणारे, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घर घेतलेले आणि आसपासच्या वस्त्यांत भाड्याने राहणारे असे नाना प्रकारचे रहिवासी आहेत. भाडेकरू दुसऱ्याच्या स्लॅबवर पैसे घालीत नाही. मालकाला झळ लागत नसल्याने तोही घालीत नाही. ब्रिटनमध्ये भाड्याच्या खाजगी घरांना ऊर्जावापराची किमान प्रत राखण्याचा नियम २०१८ पासून लागू झाला, तो याच कोंडीवर उपाय म्हणून. भारतात तसा नियम होईपर्यंत भाडेकरूच्या हाती उरतो तो पांढरा रंग, तट्ट्यांचे छत आणि मालकाची परवानगी. या तिहींपैकी पहिल्याचा खर्च सर्वांत कमी, आणि त्यासाठी मार्च संपण्यापूर्वीचे दोन कोरडे दिवस पुरतात.